ओल्या फडक्यावरचं सूप

त्यांना सगळे कप्तान म्हणत. बोटीवरून निवृत्त होऊन माणूस घरी आला, खांदे रुंद, चालताना पाय जरा फाकवून टाकायची सवय, एवढ्या भांडवलावर इमारतीतल्या लोकांनी त्यांना कप्तान करून टाकलं होतं. वास्तविक ते बोटीवर आचारी होते. पस्तीस वर्षं मालवाहू बोटींवर अठ्ठावीस-तीस माणसांचा तीन वेळचा स्वयंपाक त्यांनी रांधला. सुरुवातीला एकदोनदा त्यांनी लोकांची चूक दुरुस्त करून पाहिली. पण तळमजल्यावरचे पोस्टमास्तर म्हणाले, "अहो, ज्याच्या हातात डाव तोच खरा कप्तान. दुसरा नुसता चाक फिरवतो." त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. ओघानेच त्यांची बायको कप्तानीणबाई झाली. बाईंना ते मनापासून आवडायचं, पण कुणी तशी हाक मारली की त्या उगीच पदर सारखा करत आणि ऐकू आलं नाही असं दाखवत.

घरातल्या स्वयंपाकघरात मात्र कप्तानांना जागा नव्हती. ते सुट्टीवर आले की पहिल्याच दिवशी बाई बजावायच्या, "वर्षभर शेगडीपाशी राबून आलात, इथे तरी बाहेर बसा." ते ऐकायला प्रेमाचं वाटायचं आणि होतंही, पण त्यातच बाईंनी आपली हद्दही आखून घेतलेली होती. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत ती हद्द इंचभर हलली नव्हती. फार तर भाजी चिरायला मिळायची. तीही ते इतकी एकसारखी चिरायचे की बाई वैतागायच्या.

"ही काय परेडला उभी करायची आहेत गाजरं?"

कप्तान हसायचे आणि सुरी धुऊन जागेवर ठेवायचे. जागाही चुकीची असायची. बाई ती उचलून पुन्हा आपल्या जागी ठेवायच्या.

बोटीवर असताना त्यांना या घराची जी ओढ होती ती सांगून कुणाला खरी वाटली नसती. घर म्हणजे सगळं घरही नव्हे, खिडकीजवळचं जेवणाचं टेबल. त्यावर निळं मेणकापड, भिंतीकडच्या खुर्चीत बायको, उशी घालून उंच केलेल्या खुर्चीत लेक. प्रत्येक पत्रात ते विचारायचे, काय जेवलात, कोण कुठे बसलं, लेकीने भाजी खाल्ली का. उत्तरं यायची, पण दोन महिन्यांनी, आणि तोवर त्या जेवणाची भांडीही शंभरदा घासून झालेली असायची. शेवटी एकदाचे ते कायमचे घरी आले. टेबल तिथेच होतं. मेणकापड मात्र तपकिरी झालं होतं, लेक लग्न होऊन दोन थांबे पलीकडे राहायला गेली होती आणि उशी कुणाला आठवतही नव्हती. घर मिळालं, पण ओढ गेली नाही. आता ती कशाची, हे मात्र कप्तानांना सांगता आलं नसतं.

त्या वर्षी थंडी संपता संपता बाईंना ताप आला. तो छातीत उतरला. बारा दिवस हॉस्पिटलात काढून त्या घरी आल्या तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. ताप गेला होता, खोकलाही हटला होता, पण तोंडाची चव आणि भूक दोन्ही त्या तिकडेच विसरून आल्यासारखं झालं होतं. पेज दोन चमचे. दूध अर्धा कप, तोही नाक दाबून. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. बुधवारी तपासून म्हणाल्या, "सोमवारी पुन्हा बघते. तोपर्यंत नीट खायला लागल्या नाहीत तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. माझा इलाज नाही."

नळीचं नाव काढल्यावर बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरची एक म्हातारी त्यांनी तशी बघितली होती. नळी गेली ती गेलीच, पुन्हा तोंडाने खाल्लंच नाही म्हणाल्या. कप्तानांनी ते ऐकलं आणि घरी येताना टॅक्सीत संपूर्ण रस्ता त्यांचा हात सोडला नाही.

गुरुवारी सकाळी पेजेची वाटी तशीच परत आल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले.

"अगं, तूच सांग. कशावर वासना आहे? काहीही सांग."

बाईंनी छताकडची नजर त्यांच्याकडे वळवली.

"तुमचं ते सूप," त्या म्हणाल्या. "कोंबडीचं. आलं न् नूडल्स घातलेलं. तिकडे पूर्वेच्या बंदरात शिकला होतात ते. पत्रात लिहिलं होतंत."

कप्तान उभेच राहिले. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात बायकोने त्यांना पहिल्यांदा काही रांधायला सांगितलं होतं. आणि तेही हे सूप, जे त्यांच्या हातचं सर्वांत नावाजलेलं होतं. या सुपासाठी एका इंजिनिअरने त्यांची बदली दोनदा थोपवली होती.

"मग एवढे दिवस बोलली नाहीस ती?"

"आता बोलले ना. जा."

त्यांनी बाजार केला तो लढाईला निघाल्यासारखा. अख्खी कोंबडी, आलं, लसूण, दालचिनी, चक्रीफूल, पातीचा कांदा, कोथिंबीर, लिंबं, सोया सॉसची बाटली, लांबसडक नूडल्सचं पाकीट. गवती चहा गॅलरीतल्या कुंडीतच होता. मग ते स्वयंपाकघरात शिरले आणि चाचपडायला लागले. बोटीवर प्रत्येक वस्तूला खाच होती, कठडा होता. डोळे मिटून हात घातला तरी मीठ सापडायचं. इथे एक झाकण काढायला गेलं की चार पडत होती.

"गाळणी कुठाय गं?"

"डाव्या हाताचं दुसरं कपाट," आतून क्षीण आवाज आला. "आणि झाकणं पाडू नका. मला कळतंय कुठलं पडलं ते."

काम मात्र त्यांचे हात विसरले नव्हते. कोंबडी थंड पाण्यात घालून मंद आचेवर ठेवली. वर येणारा फेस काढत राहिले. आल्याचे जाड काप आणि अर्धा कांदा जाळीवर काळा होईपर्यंत भाजला. चक्रीफूल आणि दालचिनी कोरड्या तव्यावर परतली. गवती चहाची जुडी वरवंट्याने ठेचून गाठ मारून आत सोडली. तीन तास पाण्याला नुसता श्वास घेऊ दिला, उकळू दिलं नाही. मग गाळलं. खाली मोती दिसावा असं स्वच्छ सोनेरी पाणी. नूडल्स वेगळ्या उकडून थंड पाण्याखाली धरल्या, वाडग्यात वेटोळं रचलं, कोंबडीचे धागे, वरून पात, कोथिंबीर, मिरचीच्या दोन चकत्या, आणि काठोकाठ सूप. फक्त अंदाज तेवढा चुकला. पातेलं एवढं भरलं होतं की संध्याकाळी पोस्टमास्तरांपासून गच्चीवरच्या विद्यार्थिनींपर्यंत सगळी इमारत ते प्यायली आणि सगळ्यांनी मिटक्या मारल्या.

बाईंनी दोन चमचे घेतले. तिसरा तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

हे 'छान' कप्तानांना ओळखीचं होतं. नव्याने आलेले खलाशी, ज्यांना घरची आठवण येत असे, ते असंच छान म्हणत आणि ताट सरकवत.

"काय चुकलं?"

"काही नाही हो. मलाच जात नाही."

शुक्रवारी त्यांनी दुसरी कोंबडी आणली. चक्रीफूल कमी केलं. मीठ जपून घातलं. आपली जीभ म्हातारी झाली असेल म्हणून पोस्टमास्तरांना चाखायला बोलावलं. त्यांनी तर घरी न्यायला डबाच आणला होता. बाईंनी पुन्हा दोन चमचे घेतले. या वेळी छानही म्हणाल्या नाहीत. वाडग्याकडे बघत राहिल्या, जसं कुणी स्टेशनावर घ्यायला जावं आणि गाडीतून भलताच माणूस उतरावा.

"हे नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"अगं, हेच ते! माझं सूप मला कळत नाही?"

"असेल. मला वाटलं होतं..." आणि त्या थांबल्या. "जाऊ द्या. तुम्ही दमलात. जेवा."

कप्तान टेबलाशी एकटे बसून सूप प्यायले. उत्तम झालं होतं. त्याचाच त्यांना राग आला. पस्तीस वर्षं परक्या माणसांना जेवू घातलं, न जेवणाऱ्यांना जेवू घातलं, बोट लागलेल्यांना, तुरुंगातून सुटून आलेल्यांना, एकदा तर एका बंडखोर मांजरालाही. आणि घरच्या एका माणसाच्या तोंडात पाच चमचे जाईनात. खिडकीतून समोरच्या इमारतीतली दोन बिऱ्हाडं जेवताना दिसत होती. असंच ते बंदरात बोट लागली की कठड्याला टेकून लोकांच्या खिडक्यांत बघत. तेव्हा निदान वाटायचं की आपलीही एक खिडकी आहे.

लेक शनिवारी दुपारी आली. ती चष्म्यांच्या दुकानात काम करत असे, दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवून तिची नजर फार बारीक झाली होती. दारात चप्पल काढतानाच तिने नाक वर केलं.

"सूप? बाबा, तुम्ही केलंत?"

"तिसऱ्यांदा. ही कोंबड्यांची जात संपवणार बहुतेक मी. आणि तुझी आई दोन चमच्यांपुढे जात नाही."

लेकीने आईच्या कपाळावर हात ठेवला, मग टेबलाशी येऊन वाडगा पाहिला. तो कप्तानांनी नुकताच भरून ठेवला होता. तिने वाडग्याकडे पाहिलं, टेबलावर हात फिरवला, आणि वडिलांकडे बघायला लागली.

"हे कोरडं का?"

"काय कोरडं?"

"टेबल. ओलं फडकं कुठाय?"

"सांडलं कुठे काय? फडकं कशाला?"

"सुपाला, बाबा. आणि असा गळ्यापर्यंत कुणी भरतं का वाडगा? अर्धाच भरायचा ना! आणि ह्या... ह्या एवढ्या लांब का? आणि पांढऱ्या?"

कप्तानांना काही कळेना. लेकीलाही कळेना की यांना का कळत नाही. तिच्या हिशेबी सूप म्हणजे आधी टेबलावर ओलं पिळलेलं फडकं अंथरायचं, त्यावर वाडगे मांडायचे, ते अर्धे भरायचे, संपले की पुन्हा अर्धे. लग्न झाल्यावर सासरी पहिल्यांदा सूप केलं तेव्हा तिने असंच फडकं अंथरलं होतं आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, टेबल आधीच पुसून घ्यायचं होतंस." तेव्हा तिला कळलं की सगळी माणसं तसं करत नाहीत. पण तिला वाटलं, बोटीवरच्या माणसांच्या घरी तरी करत असतील.

"तुझ्या आईने हे सूप केलं कधी?" कप्तानांनी विचारलं. आवाज त्यांनी आपोआप खाली आणला होता.

"कधी म्हणजे? नेहमी. महिन्यातून एकदा तरी. तुम्ही बोटीवर असलात की."

"आणि मी घरी असलो की?"

"तेव्हा कशाला? तेव्हा तुम्ही असायचात ना."

हे ती अगदी सहज बोलली. लेक स्टुलावर चढली. वरच्या फळीवर मागच्या बाजूला गंजक्या झाकणाचा एक उभा डबा होता. चार वर्षं तो तिथे होता आणि कप्तानांनी तो रिकामा समजला होता. त्यात तळाशी नूडल्सचा चुरा होता आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला एक कागद.

"तुमचंच पत्र. मला पाठ आहे. मी वाचायला ह्याच्यावरच शिकले म्हणा ना. 'सात कोंबड्या घ्याव्या' हे माझं पहिलं वाक्य."

लेक आईजवळ गेली आणि कप्तान पत्र घेऊन खिडकीत उभे राहिले. चष्मा लावूनही अक्षर आपलं आहे हे पटायला वेळ लागला. बत्तीस वर्षांचा तो माणूस भलताच ऐटीत लिहीत होता.

'इकडे हवा छान आहे. काळजी करू नये. काल सर्वांना सूप केले. कृती लिहितो, माणसे अठ्ठावीस. सात कोंबड्या घ्याव्या. आले चार मुठी. चक्रीफूल चार. काळा सॉस एक पेला. सर्व एकाच पातेल्यात. नूडल्स बोटभर तोडून त्यातच टाकाव्या. टेबलावर ओले फडके पसरावे. वाडगा अर्धाच भरावा. संपल्यावर पुन्हा अर्धा.'

हवा छान आहे. कप्तानांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि त्यांच्या पायाखालची फरशी बत्तीस वर्षं मागे कलली. त्या तीन दिवसांसारखा समुद्र त्यांनी आधी पाहिला नव्हता. पातेलं तारेने शेगडीच्या कठड्याला बांधलेलं. दुसरं चढवायची सोय नाही म्हणून सगळं एकात. लांब नूडल्स पळीवरून उडून अंगावर येतात म्हणून तोडलेल्या. वाडगा भरला तर निम्मा मांडीवर, म्हणून अर्धा. आणि फडकं ओलं केल्याशिवाय टेबलावर काही टिकतच नव्हतं, वाडगे या टोकाचे त्या टोकाला जात. ते स्वतः जमिनीवर बसून, पाठ भिंतीला आणि पाय कपाटाला रोवून, आलं सोलत होते. चौथ्या दिवशी वारा पडल्यावर पत्र लिहिलं. वादळाचं कसं लिहायचं? घरी पाच वर्षांची पोर आणि एकटी बायको. म्हणून फक्त कृती लिहिली. वादळ वगळलं, पण फडकं वगळायचं राहून गेलं.

म्हणजे बाईंना हवं होतं ते वादळातलं सूप होतं. आणि गेले तीन दिवस ते त्यांना शांत समुद्रातलं पाजत होते.

कागदाच्या कडेला शिसपेन्सिलीने बाईंचं गणित होतं. अठ्ठावीस माणसांचं सूप त्यांनी शाळेतल्या रीतीने उतरवलं होतं. कोंबडी पाऊण. आलं चार काप. चक्रीफुलाच्या पाकळ्या तीन, पुढे लिहिलेलं, 'साडेतीन येतात, अर्धी कशी तोडणार?' काळ्या सॉससमोर काट मारून, 'इथे मिळत नाही. साखर जाळून त्यात व्हिनेगर व मीठ.' कप्तानांनी तोंड वाकडं केलं. साखर जाळून! मग त्यांनी गणित पुन्हा पाहिलं. भागिले अठ्ठावीस, गुणिले तीन. घरात त्या दोघीच होत्या. सासू नव्हती, नणंद नव्हती, कुणी पाहुणं राहायला नव्हतं.

त्यांनी लेकीला खुणेने बाहेर बोलावलं.

"तीन कोण?"

"तिसरा वाडगा तुमच्या खुर्चीसमोर असायचा," लेक म्हणाली. मग वडिलांचा चेहरा बघून घाईघाईने पुढे म्हणाली, "तसं काही नाही हो, रडायबिडायची वगैरे नाही आई. आम्ही खूप हसायचो. मी तुमच्या वाडग्याला तुम्ही समजून चिमटे काढायचे."

रविवारी कप्तान बाजारात गेले आणि पाऊण कोंबडी मागितली. कोंबडीवाल्याचा हात मध्येच थांबला.

"पाऊण? कप्तानीणबाईंच्या घरचे ना तुम्ही? उरलेल्या चतकोराचं मी काय करायचं, हे त्यांना वीस वर्षं विचारतोय. उत्तर नाही. बऱ्या आहेत ना? चार वर्षं आल्या नाहीत पाऊण न्यायला."

"चार वर्षं मी घरी आहे," कप्तान म्हणाले.

"मग?" कोंबडीवाल्याने विचारलं. कप्तानांनी पैसे मोजले.

घरी येऊन त्यांनी बाह्या सारल्या आणि पत्र मसाल्याच्या डब्याला टेकवून उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते कागद बघून रांधत होते, तोही स्वतःचाच. हात मध्येच जुन्या वाटेने जाई, कांदा भाजायला घेई, आणि ते त्याला परत आणत. एकच पातेलं. पाकळ्या मोजून तीन. नूडल्स बोटभर तोडल्या, त्या ओट्यावर भरभर उडाल्या. त्याच पातेल्यात टाकल्यावर पाणी गढूळ झालं, घट्ट झालं. डोळ्यांना बघवेना, पण त्यांनी मन घट्ट केलं. मग लोखंडी पळीत साखर घेऊन आचेवर धरली. ती विरघळली, लाल झाली, काळी झाली, आणि कडवट गोड धूर स्वयंपाकघरातून सरळ आतल्या खोलीत गेला.

"अहो," आतून आवाज आला. "साखर जळतेय."

"जळतेय नव्हे, जाळतोय."

व्हिनेगर पडल्यावर पळी चरचरली. तिचा आवाज थांबला तेव्हा त्यांना पलंगाची करकर ऐकू आली, मग भिंतीवरून सरकणारा हात. बाई आपल्या पायांनी येत होत्या. पंधरावीस दिवसांत त्या धरल्याशिवाय उठल्या नव्हत्या. कप्तान धावले नाहीत. धावलं तर त्या परत फिरतील असं त्यांना वाटलं. त्यांनी फडकं नळाखाली धरलं, पिळलं आणि तपकिरी मेणकापडावर नीट पसरलं, कोपरे ओढून.

बाई भिंतीकडच्या आपल्या खुर्चीत बसल्या. आधी त्यांनी फडक्यावर तळहात ठेवला.

"जास्त पिळलंत. थोडं ओलं हवं."

कप्तानांनी हाताने पाणी शिंपडलं. तीन वाडगे मांडले. तिन्ही अर्धे भरले. एक बाईंसमोर, एक लेकीच्या जुन्या जागी आणि तिसरा आपल्या खुर्चीसमोर. मग ते उभेच राहिले. त्या खुर्चीत बसावं की नाही ते त्यांना कळेना. तिथे इतकी वर्षं त्यांच्या वाटणीचं सूप बसत आलं होतं.

"बसा की. का निमंत्रण देऊ?"

ते बसले. बाईंनी चमचा बुडवला, फुंकर मारली, तोंडात घातला. डोळे मिटले. कप्तान त्यांच्या गळ्याकडे बघत होते. घोट खाली गेला. दुसरा गेला. तिसरा गेला आणि चमचा परत वाडग्यात गेला. कप्तानांनीही चाखून पाहिलं. आंबट, जळक्या गोडीचं, गुळगुळीत. बोटीवर त्यांनी असलं वाढलं असतं तर लोकांनी त्यांना समुद्रात टाकलं असतं. ते दुसरा घोट प्यायले. हे ते सूप. टेबलाशी कोण कुठे बसलं, हे विचारत ते जेव्हा पत्रं लिहीत होते तेव्हा इथे या चवीचं जेवण चाललेलं होतं. तिसऱ्या घोटाला त्यांना ते थोडंसं दिसलं. उशी घातलेली खुर्ची, निळं मेणकापड, चिमटा काढणारा लहानसा हात. चौथ्या घोटाला काहीच दिसलं नाही, नुसतं सूप लागलं.

"मला कधी लिहिलं नाहीस," ते म्हणाले. "की करतेस म्हणून."

"तुम्ही चुका काढल्या असत्यात."

"काढल्याच असत्या. साखर जाळून कुणी..."

"बघा." बाईंनी चमचा त्यांच्याकडे रोखला. "मला वाटायचं तुमचं खरं, माझं आपलं नकली. परवा तुम्ही खरं केलंत तेव्हा जीव लावून तोंडात घातलं. तर ते कुणाचंतरी होतं. हॉटेलातलं. मी काय सांगणार तुम्हाला? तीन तास उभे होतात."

त्या पुन्हा खायला लागल्या. वाडगा तळाला आला होता. मग मान वर न करता म्हणाल्या, "हवा छान आहे म्हणे."

कप्तानांचा चमचा तसाच राहिला.

"पहिल्या दोनतीन वेळा मला वाटलं, तिकडची पद्धत असेल. मग त्याच वर्षी पोरीला घेऊन माहेरी गेले, नदीला पाणी फार होतं, तर नावेत चहावाला कपांखाली ओलं फडकं घालत होता. मी त्याला विचारलं, कशाला रे? तो म्हणाला, नाहीतर बाई, चहा तुमच्या पदरात." बाईंनी फडक्याचा कोपरा बोटाने सरळ केला. "घरी आल्यावर पत्र पुन्हा वाचलं. रडले नाही. चिडले. मग विचार केला, मी काय करू शकते? मला पोहता येत नाही. फडकं तेवढं ओलं करता येतं."

"तेव्हापासून?"

"पत्र यायला उशीर झाला की करायची. तुम्ही कायमचे घरी आलात आणि मग करायला काही कारणच उरलं नाही. तुम्ही आलात ते बरंच झालं. पण कधीकधी..." त्यांनी वाडगा पुढे सरकवला. ओल्या फडक्यावर तो सरकला नाही, हाताने उचलावा लागला. "आता दुसरा अर्धा द्या. एवढाच. भरू नका."

कप्तान उठले. वाढताना थोडं सूप बाहेर सांडलं. बाईंनी ते फडक्याच्या कोपऱ्याने टिपलं. दुसरा अर्धाही संपला. मध्ये एकदा थांबून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांना जेवताना घाम आला होता.

लेकीचा वाडगा तसाच होता. तिच्या दुकानात त्या दिवशी मालाची मोजदाद होती, ती येणार नव्हती. कप्तानांनी त्यावर ताटली झाकली.

"हे मी उद्या सकाळी घेईन. वाया नको."

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. खुर्चीचा हात धरून त्या उठत होत्या, तरी आवाज चांगला खणखणीत लागला. "तिसरा वाडगा दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाते. कायमच मीच खाल्लाय. डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आधी गरम करून द्या."

"बरं."

"आणि फडकं वाळत घाला. गॅलरीत, उन्हात. कुबट वास येतो नाहीतर."

कप्तानांनी फडकं उचललं. मेणकापडावर तीन वाडग्यांचे तीन ओले गोल उमटले होते. ते पुसायला त्यांनी हात नेला आणि तसाच मागे घेतला. ऊन होतं, ते आपोआपच जाणार होते. फडकं मात्र त्यांनी बाईंनी सांगितलं तसं गॅलरीत नेलं, झटकलं आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं. उद्या सकाळी ते पुन्हा लागणार होतं.